आयेच्या वाट्याची कालवं

पौषात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्र खूप मागे जातो. वरळीचे खडक उघडे पडतात, आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर एक वास प्रभादेवीपर्यंत येतो. मिठाचा, शेवाळाचा, ओल्या शिंपल्यांचा. आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली मंडळी हा वास आला की वॉचमनला फोन करतात, गटार कुठं तुंबलंय बघ म्हणून सांगतात. गटार तुंबलेलं नसतं. सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी असते, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळणी त्या खडकांवर कालवं काढायला उतरणार असतात.

यंदा तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मी उठून समुद्राकडची खिडकी लावून घेतली. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "रे, कालवां इली काय?"

"अजून नाही," मी म्हणालो.

हे उत्तर मी तिला कित्येक हिवाळे देत आलोय. आईचे गुडघे गेले आहेत. ती नवव्या मजल्यावरून खाली उतरत नाही. त्यामुळे खाली गल्लीत, आमच्या फाटकाशेजारीच, कालवांची टोपली येऊन बसते हे तिला कळायला मार्ग नव्हता. आणि मी तर रोज त्या टोपलीवरून जात होतो.

माझी नोकरी नमुने गोळा करण्याची आहे. माती, पाणी, चिखल, शेवाळ, मासे, कालवं. आमच्या प्रयोगशाळेत त्यांच्यातले किरणोत्सारी अंश मोजतात. माझ्याकडे त्यातलं प्लुटोनियम. हे नाव ऐकलं की समोरचा माणूस जरा मागे सरकतो. त्याच्या डोळ्यांपुढे मोठा स्फोट येतो. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो गाळ. बोटांत धरला तर लोण्यासारखा लागणारा, खाडीच्या तोंडाशी साचलेला काळा गाळ.

मोठमोठ्या देशांनी एके काळी उघड्या आकाशाखाली अणुचाचण्या केल्या. त्यांची धूळ ढगांच्याही वर गेली आणि पृथ्वीभोवती फिरत राहिली. मग वर्षानुवर्षं ती पावसाबरोबर, वाऱ्याबरोबर खाली येत गेली. वाळवंटावर, बर्फावर, कोकणातल्या भातखाचरांवर, लालबागच्या चाळींच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर. चाचणी कुणी केली आणि धूळ कुणाच्या दारात पडली, याचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. तेव्हा पडलेलं ते अजून इथंच आहे. प्लुटोनियमला निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. माणसाच्या आयुष्याच्या हिशेबाने ते कमी होतच नाही. ते फक्त जागा बदलतं.

तीही अगदी सावकाश. जमिनीवर पडलं की ते मातीच्या बारीक कणांना घट्ट धरून बसतं. पावसाने भिजलं तरी सहसा सुटत नाही. झाडांची मुळं त्याला फारसं आत घेत नाहीत. पालेभाजीत जे सापडतं ते बरंचसं पानांवर बसलेल्या धुळीतलं असतं. माती वाहून ओढ्यात गेली की तिच्याबरोबर ते ओढ्यात जातं, ओढ्यातून खाडीत. तिथं गोडं पाणी खाऱ्याला भेटतं, गाळ खाली बसतो आणि हेही त्याच्याबरोबर तळाला जातं. वर नवा गाळ येत राहतो. खाडीच्या तळातून उभी नळी घालून चिखल काढला तर थरांवर थर दिसतात. वरून खाली जात एका ठिकाणी प्लुटोनियम सगळ्यांत जास्त सापडतं. तो साठच्या दशकाच्या सुरुवातीचा चिखल. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हाचं पाप तिथं जसंच्या तसं झाकून ठेवलेलं असतं. समुद्राच्या तळाला खेकडे आणि किडे बिळं करतात, जोराच्या लाटा तळ ढवळतात, तेव्हा त्यातलं थोडं पुन्हा वर येतं.

आणि कालव जगतं ते पाणी गाळून. खडकाला एकदा चिकटलं की जन्मभर हलत नाही. तोंड किंचित उघडून दिवसभर समुद्र आत घेतं आणि बाहेर सोडतं. पाण्यात तरंगणारा बारीक गाळ त्याच्या पोटात जातो. म्हणून समुद्रात काय चाललंय हे पाहायचं असेल तर आम्ही कालवाला विचारतो. उत्तर दर वर्षी एकच असतं. आहे, पण इतकं थोडं की ते शोधायलाच आम्हाला मोठी खटपट करावी लागते. शिवाय पोटातून गेलेलं प्लुटोनियम शरीर जवळजवळ सगळं बाहेर टाकतं. भीती असते ती ते श्वासातून फुप्फुसात गेलं तर. मग ते यकृतात आणि हाडांत जाऊन बसतं, आणि माणसाबरोबरच जातं. कालवं खाऊन माणसाला काही होत नाही. हे मी अहवालात दर वर्षी लिहितो, आणि ते खरं आहे.

ती खटपट कशी असते तेही सांगतो, कारण त्याशिवाय माझं वागणं कळणार नाही. कालवं शिंपल्यातून काढायची, वजन करायचं, भट्टीत वाळवायची आणि मग राख होईपर्यंत जाळायची. ती राख आम्लात विरघळवायची आणि त्यातून गाळत, वेगळं करत, शेवटी डोळ्यांना न दिसणारा एक थर पोलादाच्या बिल्ल्याएवढ्या चकतीवर बसवायचा. ती चकती यंत्रात ठेवून दिवसचे दिवस वाट बघायची. भट्टीतून पहिला जो धूर येतो तो तव्यावर करपलेल्या कालवांचा असतो. सुरुवातीला त्या वासाने मला भूक लागायची. प्रयोगशाळेतले बाकीचे हसायचे. पुढं कधीतरी भूक लागायची थांबली. नंतर घरातही तो वास नकोसा झाला. मी आईला "अजून आली नाहीत" सांगायला लागलो, ते तेव्हापासून.

त्यात वासाचा भाग किती आणि भीतीचा किती, हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय. गाळातून प्लुटोनियम वेगळं काढणं माझा धंदा आहे. हे दोन मला कधी वेगळे काढता आले नाहीत.

ही कालवं मला गोमतीमावशी द्यायची. वरळीच्या कोळीवाड्यातली; आमच्या फाटकाशेजारची टोपलीही तिचीच. मासे विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मावशी म्हणतं, म्हणून मावशी. वयाने ती माझ्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी. नमुना दर वर्षी एकाच जागचा लागतो. त्यामुळे तिच्या खडकावरची, शिंपल्यासकट, ओल्या गोणपाटात बांधलेली कालवं मी तिच्याकडूनच घेत आलो. पहिल्या वर्षी मी तिची अख्खी टोपली घेतली आणि त्या हंगामात तिचा धंदा म्हणे कधी नव्हे इतका चालला. तेव्हापासून हंगामाची भवानी माझ्या हातची. माझी नोट ती टोपलीच्या काठाला लावायची, मग कपाळाला, आणि म्हणायची, "सायबाचा हात हलका हाय."

आणि वाटा घालून झाला की थांबून दोन मोठी, निवडलेली कालवं वर ठेवायची. "ही आयेला."

ती माझ्या आईला ओळखत होती. म्हणजे तिची सासू ओळखायची. माझं लहानपण लालबागच्या चाळीतलं, वडील गिरणीत. संपाच्या हिवाळ्याची मला आठवण आहे. चाळीतली माणसं दिवसा घरी दिसायची, हीच मोठी विचित्र गोष्ट होती. गिरणीचा भोंगा नाही, त्यामुळे सकाळ कधी झाली तेच समजायचं नाही. वडील एकदा मला घेऊन वरळीला चालत गेले. कुणाकडून तरी मागून आणलेलं एक टोकदार लोखंडी हत्यार त्यांच्या हातात होतं. खडकावर बसून ते शिंपले ठोकायला लागले आणि पहिल्याच घावाला त्यांचं बोट फुटलं. गिरणीतले कापडाचे साचे चालवणारा हात होता तो. दगड फोडायची त्याला सवय नव्हती. तिथल्या कोळणींनी त्यांना हाकललं असतं तर चुकलं नसतं, खडक त्यांचे होते. पण एक म्हातारी उठली, वडिलांच्या हातून हत्यार घेतलं आणि शिंपल्याचा सांधा कुठं असतो ते दाखवलं. "डोक्यात नको मारू त्याच्या. दाराशी मार," ती म्हणाली. मग आपल्या टोपलीतली मूठभर आमच्या डब्यात टाकली. "आयेला दे घरी."

ती गोमतीमावशीची सासू, हे पुढं नमुना न्यायला लागल्यावर बोलता बोलता कळलं. त्या हिवाळ्यात आम्ही कालवांवर जगलो, असं म्हणायला हरकत नाही. आई ती अनेक पाण्यांतून धुवायची. शेवटच्या पाण्यात हात घालून ती बोटं एकमेकांवर घासायची, आणि कच लागली नाही की मगच मसाला वाटायला घ्यायची. कांदा, तिखट, कोकमाची सोलं आणि असलं तर खोबरं. चाळीच्या त्या मजल्यावर वास सुटला की दारं उघडायची. कोणी वाटी घेऊन यायचं, आई वाटीत घालायची. वाटी परत येताना कधी रिकामी यायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर असायची.

त्या कालवांत आजच्यापेक्षा थोडं जास्तच प्लुटोनियम असणार, कारण आकाशातून पडणं तोवर पुरतं थांबलं नव्हतं. त्यातला कुठला तरी कण माझ्या हाडात असेल. तुमच्याही असेल. मी या सगळ्याचा अभ्यास करतो म्हणून वेगळा कुणी नाही. त्याच गाळाचा मी बनलोय.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीला.

आमच्या इमारतीत झेंडावंदनानंतर कुणीतरी आपल्या कामाविषयी चार शब्द बोलतं, मग इडली आणि जिलबी. गेल्या वर्षी सेक्रेटरी परब मागं लागले. "अहो राणे, एवढा शास्त्रज्ञ बिल्डिंगमध्ये आणि आम्ही दर वर्षी योगासनांवर ऐकतो. बोला की!" मी खूश झालो. खरं सांगतो, फार खूश झालो. दोन रात्री तयारी केली. आकाशातली धूळ सांगितली, ओढा सांगितला, गाळाचे थर सांगितले. लोक ऐकत होते. प्लुटोनियम एकाच पाण्यात एकाच वेळी निरनिराळ्या रूपांत राहू शकतं, हेही सांगितलं. एका रूपात ते गाळाला धरून खाली बसतं, दुसऱ्या रूपात पाण्याबरोबर वाहत जातं, आणि दोन्ही तेच असतं. यावर मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आमच्या कमिटीसारखं," आणि सगळे हसले. मीही हसलो.

मग परबांनी विचारलं, "म्हणजे आपल्या वरळीच्या समुद्रात पण?"

"हो. सगळ्या समुद्रांत."

"मग मावशीच्या कालवांत?"

"त्यांच्यातही असतं," मी म्हणालो. "पण अगदी नगण्य. काळजीचं काही कारण नाही."

"तुम्ही खाता का?"

परब वाईट मनाने विचारत नव्हते. त्यांना जिलबीकडे वळायचं होतं. मी "हो" म्हटलं असतं तर ते वळले असते. पण मी थांबलो. मला खोटं बोलता येईना. मी खात नव्हतो. घरी नेत नव्हतो. का नाही, ते चार वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो की आम्ही कालवं नमुना म्हणून नेतो, सगळीच्या सगळी भट्टीत जाळतो. "सगळी?" कुणीतरी विचारलं. "सगळी," मी म्हणालो.

तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडे गेलं. गोमतीमावशी टोपली खाली ठेवून उभी होती. जिलबीसाठी वॉचमन तिला आत बोलावत होता. ती आत आली नाही. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, वॉचमनला हात लावायला सांगून टोपली उचलली आणि गेली.

दुपारी इमारतीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की आपल्याच शास्त्रज्ञांनी सांगितलंय, कालवं खाऊ नका, ते स्वतः खात नाहीत. संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या इमारतींत गेलं. मी एक लांबलचक खुलासा लिहिला. त्याला हात जोडल्याची चित्रं आली आणि खाली कुणीतरी पाण्याच्या टाकीविषयी विचारलं. माझ्या वाक्यातलं 'असतं' गल्लीभर पोचलं आणि 'पण'च्या पुढचं सगळं तळाला जाऊन बसलं. आठवडाभर मावशी फाटकाशी येऊन बसत होती. भरलेली टोपली भरलेलीच उचलत होती. मी ऑफिसला मागच्या फाटकातून जायला लागलो. मग ती यायची बंद झाली.

तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. आज नको, उद्या जाऊ, असं करत हंगाम संपला, पावसाळा आला आणि गेला. जे आपोआप निवळेल असं आपल्याला वाटतं, ते निवळत नाही. नुसतं दिसेनासं होतं. हे मला माझ्या धंद्यातून तरी कळायला हवं होतं.

यंदाच्या नमुन्याची वेळ आली तेव्हा माझ्या हाताखालचा एक जण म्हणाला, "सर, या वेळी मी आणतो." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग सकाळच्या सुकतीला स्वतःच गेलो.

पौर्णिमा होऊन गेली होती. पाणी लांब गेलेलं, पलीकडे पुलाचे खांब धुक्यात अर्धे बुडालेले. खडकांवर बायका विखरून बसल्या होत्या. लोखंडाचा दगडावर टकटक आवाज येत होता, कुणाचा जवळून, कुणाचा लांबून. गोमतीमावशी तिच्या खडकावर होती. मी शेवाळावरून घसरत तिच्यापर्यंत पोचलो. तिने मान वर केली नाही.

"काय सायब, वाट चुकलास?"

"नमुना न्यायला आलो, मावशी."

"बस मंग. भवानी होऊ दे आधी."

मी बसलो. बऱ्याच वेळाने कुठला तरी एक माणूस पिशवी घेऊन आला, घासाघीस करून वाटा घेऊन गेला. मावशीने त्याची नोट टोपलीच्या काठाला लावली, कपाळाला लावली. माझ्यासमोर, अगदी सावकाश. मग माझ्याकडे बघितलं.

मी तयार केलेली वाक्यं बोलायला लागलो. मी म्हणालो, "मावशी, माझ्यामुळे तुझा धंदा बसला. मी फाटकाशी उभा राहून सगळ्यांना सांगतो, की..."

"नको, बाबा," ती म्हणाली. "तू सांगितलंस तेवढं पुरे हाय."

शेजारच्या खडकावरची बाई फिसकन हसली. मावशी हसली नाही. तिने एक शिंपला हातात घेतला, सांध्याशी टोक लावलं, उघडला, मांस काढून डब्यात टाकलं. पुन्हा एक. मग हात थांबवून म्हणाली, "धंद्याचं सोड. एक गल्ली गेली, मी दुसरी धरली. मना येवढंच सांग. आयेसाठी वर घालत होते, ते कुठं गेलं?"

मला वाटलं होतं ती नुकसानीबद्दल बोलेल. त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

"सगळं एकाच पिशवीत जायचं," मी म्हणालो.

"भट्टीत?"

"भट्टीत."

"दर वर्साला?"

मी मान हलवली. तिने माझ्याकडे बघितलं ते रागाने नव्हे. वडिलांना सांधा दाखवणारी तिची सासूही अशीच बघत होती, हे मला तेव्हा आठवलं; एवढा मोठा माणूस आणि त्याला एवढंही येऊ नये, असं. "मी निवडून घालत होते रे," ती म्हणाली. "चांगली मोठी बघून. म्हातारी तोंडात घालंल आन माज्या सासूचं नाव काढंल म्हनून."

तिने आणखी दोन शिंपले उघडले. पाणी वळायला लागलं होतं. खडकांच्या फटींत ते परत चढताना बारीक आवाज होतो. मग तिने दोन पिशव्या मागितल्या. एकीत शिंपल्यासकटची भरली आणि तोंडाला गाठ मारली. दुसरीत डब्यातलं सोललेलं मांस ओतलं आणि तिला दोन गाठी मारल्या. दोन्ही माझ्यासमोर धरल्या.

"ही जाळायची," ती म्हणाली. "आन ही खायची. चुकू नकोस."

वर काही घातलं नाही. मीही हात पुढं करून थांबलो नाही.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "कालवं आली."

ती उठून बसली. "इली?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "येवढी वर्सां नाय इली ती?"

"येत होती, आई. मी आणत नव्हतो."

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "कोळणीची हाक लिफ्टमधून वर येता. माजे गुडघे गेले हत, कान नाय."

मी परात घेऊन तिच्या खाटेशी बसलो. तिने सांगितलं तसं धुतलं. तिने पाण्यात बोटं घालून घासून बघितली, "अजून कच हा," म्हणाली, मी पाणी बदललं. गाळ परातीच्या तळाशी बसत होता, काळसर, मऊ. ज्या गाळासाठी मी आयुष्यभर यंत्रं लावतो तोच. मी तो मोरीत ओतला. कांदा भाजला, तिखट, सोलं, खोबरं घातलं. तेलात कालवं पडली आणि भट्टीचा वास आला. खिडकीकडे हात गेला होता तो मागे घेतला. उलट बाहेरचं दार उघडं टाकलं.

पहिला घास मी खाल्ला. आईच्या आधी. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही; मी गिळला. दुसरा घास खाताना लालबागची पत्र्याची ताटली आठवली आणि तो जरा चावता आला. आई शांतपणे जेवत होती. मधेच थांबून तिने ताटलीत शोधल्यासारखं केलं. "मोठी खंय हत? कोळणीन वर घातल्यान नाय काय?"

"नाही, आई."

"गुन्हो कायतरी केलंस तू," ती म्हणाली आणि परत जेवायला लागली.

तेवढ्यात दारात परब दिसले. लिफ्टकडे निघालेले, नाक वर करून थबकलेले. "काय हो राणे, वास कसला? कालवं?"

"हो."

"आणि तुम्ही खाताय?"

"खातोय," मी म्हणालो. "या."

ते आत आले नाहीत, पण पुढेही गेले नाहीत. एक पाय चपलेतून अर्धा बाहेर काढून उभे राहिले. आतून आई म्हणाली, "रे, तेंका वाटीत घालून दी!" मी वाटी भरून दिली. परबांनी ती घेतली. दोन हातांनी, जरा लांब धरून.

ती वाटी पुढे कित्येक दिवस परत आली नाही. जिन्यात परब भेटले तर इकडचं तिकडचं बोलायचे. मी वाटीविषयी विचारलं नाही. त्यांनी ती दार लागल्यावर कचऱ्यात रिकामी केली असेल, असं मी धरून चाललो होतो. आणि त्यांना दोष द्यायला मला तोंडही नव्हतं. मी वर्षानुवर्षं त्याहून वाईट केलं होतं.

काल सकाळी लिफ्टच्या पोकळीतून खरोखरच हाक वर आली. मी इतकी वर्षं ती ऐकली नव्हती. आईने सांगितल्यावर ऐकू आली. मी जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं. फाटकाशेजारी वर्षभराने पुन्हा मावशीची टोपली होती. तिच्यापुढे परबांची बायको, शोभावहिनी, वाकून उभी होती आणि तिच्या हातात आमची वाटी होती. बोलणं ऐकू येत नव्हतं. पण बोटांवरून कळत होतं की घासाघीस चाललीय. मग मावशीने नोट टोपलीच्या काठाला लावली, कपाळाला लावली. वाटा शोभावहिनीच्या पिशवीत ओतला, आणि आमच्या वाटीत काहीतरी ठेवलं. खाली जावं असं वाटलं, चप्पल पायात घातलीही. पण नाही गेलो. माझ्या हाताचं तिथं काही काम नव्हतं.

थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली. शोभावहिनी वाटी घेऊन उभी होती. वाटीत दोनच कालवं होती, मोठी, निवडलेली. मी हात पुढं केला. तिने वाटी जरा मागे घेतली. अवघडून हसली.

"मावशीने आईंसाठी वर घातलीत," ती म्हणाली. "पण तुमच्या हातात द्यायची नाहीत म्हणाली."

मी दारातून बाजूला झालो.